चार अक्षरांचा जावई

नाही, मी म्हणतो, कार्टून बघावं, हसावं आणि झोपावं, पण आमच्या समृद्धीचं तसं नाही, तिला त्या कार्टूनचा स्वभाव काढायचा असतो… आता तुम्हाला सांगतो, मुलगी लग्नाची, ठाण्यात चांगल्या नोकरीला, पुढच्या महिन्यात साखरपुडा, इथे डोंबिवलीत हॉल बुक केलेला, आणि ही पोरगी सोफ्यावर पाय घेऊन कार्टूनमधल्या पोरापोरीचं जमेल का याचा विचार करतेय. अहो, कार्टून ते. त्याला कसला आलाय स्वभाव?

सिनेमा काय, तर एक बडबडी मुलगी ढगांतून होडी चालवते आणि खाली बंदरावर एक घुम्या मुलगा तिच्या शिडाला ठिगळं लावतो. प्रेम आहे हो त्याचं, पण बोलेल तर शप्पथ. मला आवडला. म्हटलं, गुणी पोर आहे. तर ही म्हणते, "बाबा, गुणी नाही, इंट्रोव्हर्ट आहे." आणि काढला मोबाइल. जगात म्हणे स्वभाव सोळाच, आणि प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं. सोळा? आमच्या सोसायटीच्या एकट्या सेक्रेटरीचे सोळा आहेत, मीटिंगमधले वेगळे… असो. तर त्या मुलीची अक्षरं चार, मुलाची चार, जुळत एकही नाही, म्हणजे यांचं जमणार नाही. म्हटलं, पत्रिका नको म्हणून माझ्याशी भांडलीस ती तूच ना? तर हळूच म्हणाली, "बाबा, रत्नदीपची पण हीच अक्षरं आहेत. या ठिगळवाल्याची."

रत्नदीप म्हणजे आमचा होणारा जावई, विठ्ठलवाडीचा, आणि तो त्या वेळी होता कुठे? आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्या हिच्याशेजारी बसून मटार सोलत. "मी बोलते, तो ऐकतो," समृद्धी म्हणाली, "जन्मभर एकटीनेच बोलायचं का?" आणि डोळ्यांत पाणी. आता एवढा लाखातला मुलगा हातचा जाणार, आणि कशापायी? अहो, कार्टून ते.

मग म्हणाली, थांब, तुमचं कसं टिकलं ते बघते. "बाबा, तुला माणसांत आवडतं की एकटं?" मी म्हटलं, आम्हाला माणसांत आवडतं. "आम्हाला नाही, तुला." आतून ही ओरडली, "लिही माणसांत, पण जेवणाच्या वेळेला नाही." पुढचा प्रश्न, अचानक ठरलेली सहल आवडते का? म्हटलं, आम्ही आधी डबा करतो. शेवटी समृद्धीने वैतागून हिला बेडरूममध्ये पाठवलं आणि दार लावलं. आणि काय सांगू तुम्हाला, दार लागलं आणि मला उत्तरंच येईनात. मला एकट्याला काय आवडतं? इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. जे काही आवडलं ते हिच्याबरोबरच आवडलेलं… गलबलून आलं हो, त्या फालतू परीक्षेत.

मग हिची परीक्षा. आणि निकाल काय? मी बडबड्या, माणसांत रमणारा. ही शांत, मोजकं बोलणारी. ही हसत बाहेर आली. "हे बडबडे? अगं, लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर घाम फुटलेला यांना. शेवटी मी कानात सांगितलं, तेव्हा बोलले. पहिलं वर्षभर मी बोलायचे आणि हे मान हलवायचे." समृद्धीने विचारलं, "म्हणजे तुमची अदलाबदल झाली?" कधी झाली ते आम्हाला तरी कुठे कळलं.

तेवढ्यात दारात रत्नदीप, हातात मटारचं ताट. सगळं ऐकलेलं त्याने. म्हणाला, "समृद्धी, माझी परत घेतेस का? ती टेस्ट मी तू भेटायच्या आधी दिलेली."

तिने विचारलं, "माणसांत आवडतं की एकटं?" हा विचार करतोय, करतोय… माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणतो, "दोन्ही नाही. तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "तसा ऑप्शन नाहीये रे." तो म्हणाला, "मग मी नापास." तिने मोबाइल उलटा ठेवला आणि त्याच्या हातातलं ताट घेतलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आता बापाने बघायचं तरी कुठे?

साखरपुडा होतोय हो. पण त्या दिवसापासून रत्नदीपचं तोंड जे सुटलंय… परवा फोन करून तासभर मला त्या शिडाच्या ठिगळांचा अर्थ समजावत होता. अहो, कार्टून ते. मी हिला म्हटलं, याला आता कोणी आवरा. ही म्हणाली, "बोलू दे. तुम्हीपण असेच सुरू झालात, ते अजून थांबलेला नाहीत."

…बरं. थांबतो.