दुसरी सही

हॅलो? … हो, बोल गं भिंगरी. … जोरात बोल, इथे मागे इंजिन चालवून बघतायत. … थांब, हँगरच्या बाहेर येते. … हं, आता बोल.

यादी लागली? कुठे? … तुमच्या फलकावर. आमच्याकडे अजून तो जुनाच कागद आहे, 'दोन कंपन्या नव्हे, आता एक कुटुंब' वाला. … कुटुंब म्हणे! चहाच्या मशीनपुढे अजून दोन रांगा लागतात, तुमचे निळे डगले आणि आमचे हिरवे.

… किती नावं? … दोनच? अठ्ठावीस अर्ज होते म्हणे! … मी आहे? … खरंच? तुझ्या तोंडात साखर पडो! … आणि दुसरं कोण? … अगं, सांग ना.

… काय?

… तू?

तू अर्ज केला होतास? कधी? … आणि एका घरात राहून बहिणीला सांगितलं नाहीस? … हो, मीही नाही सांगितलं, पण… हो, हो, बाबांचा नियम. 'जेवणाच्या टेबलावर विमान उतरवायचं नाही.' अकरा वर्षं पाळला, तू त्या कंपनीत, मी ह्या कंपनीत. बाबा गेले, कंपन्यांचं लग्न लागलं, तरी आपण आपल्या पाळतोय. शहाण्या आहोत दोघी! … हसू नकोस, मलाही हसू येतंय.

… आईला ठाऊक होतं? दोघींचं? … आणि रोज मधे बसून निवांत वाढत होती! बघते तिच्याकडे.

… खाली काय लिहिलंय ते वाच बरं. हळू. … 'दोन्ही हँगर मिळून तपासणी प्रमुखाचं एकच पद'… ते माहीत आहे, दोन्हीकडच्या प्रमुखांना नारळ दिला तेव्हाच कळलं. पुढे? … 'मुलाखत आज दुपारी चार वाजता'… आजच? … 'निवड न झालेल्या उमेदवाराची बदली'… कुठे? … तिथे? विमानाने दोन तास. म्हणजे आठवड्याच्या सुट्टीला यायचं तरी अर्धी सुट्टी वाटेतच. … हो, कळलं. एक इथे, एक तिथे.

… काय म्हणालीस? … कोण घेतंय नाव मागे? … नाही. … नाही म्हणते ना. … अगं, ऐक ना… अगं, माझं ऐकशील?

मेल पाठवलास? … लिहिलाय, पाठवला नाहीस. बरं. त्या बटणावरचं बोट काढ. … काढलंस? … दुसऱ्या हाताचंही काढ, मी ओळखते तुला.

… आईला मधे आणू नकोस. तिचं माझ्यावाचून काही अडत नाही. परवा शिडी लावून गच्चीतली टाकी बघून आली. … हो, माझी एकोणीस वर्षं, तुझी अकरा. पण नुसती वर्षंच मोजायची असती, तर मुलाखत कशाला घेतली असती? नव्या विमानांचं लायसन्स तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि आता निम्मी विमानं नवी आहेत. एवढं गणित मला येत नाही असं वाटलं तुला?

… हरले तर मला काय वाटेल? वाईट वाटेल. खूप वाटेल. खोटं कशाला बोलू?

… भिंगरी, तू शिकाऊ असताना आमच्याकडे, माझ्या हाताखाली होतीस. शेपटीतला तो नट आठवतो? … कशी विसरशील, तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. काम करणाऱ्याची पहिली सही माझी होती. तू टॉर्चही न लावता खाली तपासणाऱ्याची दुसरी ठोकलीस. का? … बरोबर. 'ताईने बघितलंय, म्हणजे ठीकच असणार.' आणि नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार तिथे नव्हतीच. … परीक्षा? नाही गं. कसली परीक्षा! मीच विसरले होते.

… हो. मीच. … दुसऱ्या फेरीला दिसलं, आधी तार बांधली. सगळ्यांसमोर तुला बोलले, ते घाबरले होते म्हणून. … हो, इतक्या वर्षांनी सांगतेय. … दे, दे शिव्या. … संपल्या? … आणखी एक? बरं.

… झालं? आता ऐक. दुसरी सही पहिलीवर माया करायला नसते. आपल्या डोळ्यांनी बघायला असते. आज तू माझ्यासाठी नाव मागे घेतलंस, तर ते तेच होईल, न बघता केलेली सही. मी त्या खुर्चीत बसेन आणि रोज वाटत राहील, कुठेतरी एक तार राहिलीय.

… रडतेयस? … एसीमुळे नाक वाहतंय. बरं. एसी तर एसी.

… काय? परत बोल. … तुलाच मिळेल याची भीती? … हं. … हो गं. तुझं नाव ऐकल्यावर मलाही तीच वाटली, मलाच मिळालं तर काय. दोन सेकंद. मग लक्षात आलं, मला हरायची भीती त्याहून जास्त आहे.

… पुसलास मेल? … कचऱ्याच्या डब्यातूनही? … शाबास.

आता एक सांग. तुमच्या त्या नव्या विमानांचे ब्रेक विजेवर चालतात ना? मला ते नीट कळलेलं नाही. आज मुलाखतीत ते विचारतील, नक्की. … हो, तुलाच विचारतेय. लाज कसली? … कागद नाही, हातावर लिहिते. … हं. … हं. … म्हणजे चकत्या तशाच, दाबायला तेलाऐवजी मोटर. … एका चाकाला चार. … आणि त्यातली एक बंद पडली तर? … अस्सं. … थांब, मनगटापर्यंत आले. … छान समजावतेस गं. … माझ्याकडून कसली शिकलीस! मी नुसती ओरडायचे.

… तुला काय हवंय? … माणसं कशी एकत्र आणणार, हे विचारलं तर? भाषण करणार असं सांगू नकोस. एका विमानाखाली एक निळा, एक हिरवा, जोडीने लावायचे. पहिली सही एकाची, दुसरी दुसऱ्याची. … हो, मी हेच सांगणार होते. घे तू. मी दुसरं शोधते.

… अगं बाई, सव्वातीन? … निघतेच. हात धुवून… नको, हातावर ब्रेक आहेत.

… आईला कुणी सांगायचं? … जिला मिळेल तिने नाही. जी जाणार, तिने. … हो, हसत. … जमेल. मला जमेल, तुलाही जमवावं लागेल.

… पोचलीस पण? … एकच बाक आहे बाहेर? … मग माझी जागा धर. … शेजारीच बसणार, आणखी कुठे? … हो. … हो गं. … ठेवते.