फोनचा खुंटा

हॅलो?… हॅलो, कोन?… पुंजाजी? माहा पुंजाजी?… हो, हो, मीच, तुही माय!… वाशीमच्या जिनिंगच्या हापिसातून बोलून राह्यली. तुही तार आली अन् अनसिंगहून बैलगाडी जुपून निंघाली… हे भगवंतराव दिवाणजी हायेत बाजूले, त्यायनंच कानाले लावून देलं. म्या आधी उलटंच धरलं होतं… तू जेवला का? कलकत्त्याले भाकर भेटते का रे?… बरं, बरं, नाई इचारत. बोल.

काय?… ओवी?… अरे लेका, पेपरवाल्यायनं तुले लढाई पाहून लिवाले धाडलं, अन् तू मायले ओवी मांगून राह्यला?… दिवाणजी, हासू नका!

हो, हो… खंदकात?… आपले अन् जपानी, दोन्ही मेलेले, एकावर एक?… चिखलानं कोन कोनाचा समजे नाई?… अरे माह्या देवा…

मंग?… तवापासून एक ओळ लिवनं होत नाई? अन् डोक्यात माही ओवीच फिरते? तुहा मामा मागच्या लढाईत गेला, तवाची?… त्यातच सारं समजते म्हनतो? अरे बावा, आमी तं जात्यावरचं दयन लवकर सराव म्हून म्हनत होतो!… किती ओळी याद हायेत? म्हन पाहू, मीबी संगं म्हनते…

'लढाईचं जातं बाई, घरघर फिरे,
आपला का परका दाना, कोन इचारे…'

बराबर! हाये नं, तिसरी हाये. थांब… अगदी तोंडावर हाये… दोन्ही… दोन्ही… गेली! आत्ता होती बाप्पा!

चिडून काहून राह्यला? जात्यावर बसल्याबिगर मले ओवी येते का? हात फिरला का तोंड फिरते… दिवाणजी, जातं हाये का इथं?… घ्या! एवढी मोठी मशीन, अन् एक जातं नाई!… हो रे, टेबलावर हात फिरवूनच पाहून राह्यली… नाई येत. घरघर होत नाई नं!… काय? मिनिटं सरून राह्यले?

थांब, थांब! ह्या फोनच्या डब्याले जात्यावानी फिरवाचा खुंटा हाये बाजूनं!… दिवाणजी, हात नका धरू माहा! पोराची ओवी अडली… धरला रे खुंटा! ऐक—

'लढाईचं जातं बाई, घरघर फिरे,
आपला का परका दाना, कोन इचारे,
दोन्ही मायच्या पदरी बाई, पीठच उरे!'

आली! लिवली का?… हॅलो?… पुंजाजी?… दिवाणजी, हा मुका काहून झाला?… खुंटा फिरवला का लाइन तुटते? अन् हे आता सांगता!… मंग तिसरी ओळ त्याले गेलीच नाई?… अरे देवा, माह्याच हातानं…

वाजला!… हॅलो? पुंजाजी?… कोन? लाइन जोडून देनारा भाऊ?… हो, म्याच फिरवला, चुकलं… आं? त्याची लाइन तुटली, पन तुमी ऐकली? तिन्ही ओळी?… मंग सांगा नं माह्या पोराले!… सांगता? देव तुमचं भलं करो. अन् म्हना, जेवून घे.

काय?… आनखी एक डाव म्हनू? तुमच्यासाठी?… काहून?… तुमचा पोरगा बी तिकडं लढाईवरच हाये?… अन् चिठ्ठी नाई?…

रडू नका भाऊ. म्हनते, पुन्हा म्हनते. पन रिकाम्या हातानं मले येत नाई हो… तुमच्यापाशी बी खुंटा हाये?… मंग झालं तं! जात्याले दोघं लागतेच. तुमी फिरवा, मी म्हनते. लाइन तुटली तं तुटो.