प्रथम वापर अध्यक्षांच्या हस्ते

अविनाश : मग ही वात जळली कशी?

अनंत सर : दमट हवा, अविनाशराव. आमच्या डिचोलीकडे हवा फार दमट.

अविनाश : दमट हवेनं वात भिजते, सर. ही जळलीय. स्पिरिटचा दिवा आम्ही नवाकोरा पाठवला होता. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली पणजीला फाउंडेशनच्या ऑफिसात. आज मी स्वतः कुलूप काढलं, उद्घाटनाच्या फितीखालून वाकून आत आलो. आणि दिवा वापरलेला?

अनंत सर : उंदीर असतीत.

योगिता : उंदरांनी दिवा पेटवला, सर?

अनंत सर : योगिताबाई, तुम्ही जरा गप रवा. हेडमास्तर मी आसंय.

अविनाश : आणि मोरचुदाची बाटली अर्धी झालीय.

अनंत सर : मुंग्या. साखरेसारखां दिसता ना तां.

अविनाश : मोरचूद निळं असतं, सर.

योगिता : मेल्या असतील बिचाऱ्या.

अविनाश : आणि हा मायक्रोस्कोप. खाली काचपट्टी आहे. तिच्यावर कांद्याचा पापुद्रा. अजून ओला.

अनंत सर : हवा दमट...

योगिता : सर, पुरे करा की आता. साहेब, मी सांगते. आम्ही प्रॅक्टिकलं घेतो इथं. दहावीच्या वर्गाची. आज सकाळीही घेतलं.

अनंत सर : मेलंय! आता सगळाच संपला.

अविनाश : पण दाराची फीत तर जशीच्या तशी आहे.

योगिता : फितीला आम्ही बोटसुद्धा लावलेलं नाही. फार मान राखलाय तिचा. आम्ही त्या खिडकीतून येतो.

अविनाश : कुठल्या?

योगिता : ती कोपऱ्यातली. बाकीच्या सगळ्यांना गज आहेत, हिला बसवायचे राहिलेत. तुमच्याच कंत्राटदाराची कृपा. बाहेर एक बाक लावायचं, आत एक स्टूल. थांबा, उघडून दाखवते.

अनंत सर : हळू, बाई, हळू! केवढी करकरता ती! सगळ्या शाळेक कळतला.

योगिता : सगळ्या शाळेला ठाऊकच आहे, सर. तुम्ही तेवढे ऑफिसातलं दार लावून बसता.

अनंत सर : दार लावलां म्हणान आज छातीर हात ठेवन सांगूक गावता, माका काय ठावक नाय.

अविनाश : मॅडम, तुम्हीसुद्धा खिडकीतून?

योगिता : प्रॅक्टिकलच्या दिवशी साडी नेसत नाही. पंजाबी ड्रेस घालते. सासूबाई विचारतात, आज काय विशेष? म्हणते, क्षारांची परीक्षा.

अविनाश : हसण्यावारी नेऊ नका. प्रथम वापर अध्यक्षांच्या हस्ते, ही आमची अट आहे. लेखी दिली होती. बाईसाहेब स्वतःच्या हातानं पहिला दिवा लावणार. समई नाही, स्पिरिटचा दिवा. त्यांचीच कल्पना. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून.

योगिता : कधी लावणार?

अविनाश : तारीख ठरली ना. परवा.

योगिता : जूनपासून ठरायलीय, साहेब. ही खोली आधीपासून आमची होती. दोन टेबलं, एक मोडका तराजू, चार परीक्षानळ्या. पण उघडी होती. फाउंडेशननं फरशी घातली, कपाटं दिली, एवढं छान सामान दिलं. खोटं कशाला बोलू, बघून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि मग कुलूप लावून गेलात. गणपतीची चवथ झाली, दिवाळी झाली, नाताळही झाला. होतं तेही गेलं आमचं.

अविनाश : बाईसाहेब देवाला विचारल्याशिवाय कुठलंच काम करत नाहीत. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार. प्रत्येक तारखेला डावी पडत होती. आम्ही तरी काय करणार?

योगिता : देवाला दहावीच्या परीक्षेचं सांगितलं होतं का कोणी?

अनंत सर : बाई, देवाक मधी आणू नका. देवान परवाचो दिवस दिलो हा, तां बरां झालां. अविनाशराव, आता तुम्हीच सांभाळून घ्या. पेडण्याच्या त्या शाळेसारखां आमचां करू नका.

योगिता : पेडण्याला काय झालं?

अविनाश : तिथे आम्ही दुर्बीण दिली होती. उद्घाटनाआधी हेडमास्तरांनी गच्चीवर नेऊन मुलांना चंद्र दाखवला. कुणीतरी फोटो टाकला. बाईसाहेबांनी दुर्बीण परत मागवली.

योगिता : आता कुठे आहे ती?

अविनाश : आमच्या ऑफिसात. रिसेप्शनला.

योगिता : काय दिसतं तिच्यातून?

अविनाश : समोरच्या बँकेची पाटी.

योगिता : आणि हे सामान गेलं तर? रिसेप्शनला दिवा, मोरचूद आणि कांदा मांडणार? फेब्रुवारीत मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, साहेब. आमची सोनाली बघा. बाप तुमच्या फाउंडेशनच्या शेटांच्याच खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, आता साखळीच्या बाजारात एका दुकानात गोणी उचलतो. ती पोरगी असा पातळ पापुद्रा काढते की मलाही जमत नाही. तिनं परीक्षेत काय, मायक्रोस्कोपचं चित्र बघून उत्तर द्यायचं?

अविनाश : मी दिलंय तसं.

योगिता : काय?

अविनाश : आमच्या शाळेत सगळं तोंडी असायचं. पदार्थ निळा आहे, लिहा. वास उग्र आहे, लिहा. कॉलेजात गेलो तेव्हा पहिली परीक्षानळी हातात धरली आणि फोडली. अख्खा वर्ग हसला. अजून लाज वाटते मला त्या दिवसाची.

अनंत सर : चाय मागवू?

अविनाश : नको. नवी वात मिळेल का डिचोलीच्या बाजारात?

योगिता : मिळेल की! आत्ता पाठवते कुणाला तरी.

अविनाश : मोरचूदही आणा. बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसली पाहिजे. टेबलावरचे डाग घासा. नळ्यांवर आमची स्टिकरं होती, ती कुठायत?

योगिता : धुऊन धुऊन गेली.

अविनाश : माझ्या गाडीत आहेत. पुन्हा चिकटवा. आणि मुलांना सांगा, कुणालाही काही येता कामा नये.

योगिता : म्हणजे?

अविनाश : बाईसाहेब एका विद्यार्थ्याला मायक्रोस्कोपमधून बघायला सांगतील. त्यानं बघायचं आणि आश्चर्यचकित व्हायचं. फोटोग्राफर तेवढ्यासाठी थांबणार आहे.

योगिता : आश्चर्य कुठून आणू? कांद्याच्या पेशी बघून कंटाळलीत पोरं. परवा सोनाली विचारत होती, बाई, केळं बघूया का?

अविनाश : शिकवा. तोंडाचा आ करायचा, भुवया वर.

योगिता : मी हे शिकवणार नाही. वर्षभर झटून पोरांना जे आलं, ते येत नाही असं दाखवायचं? शिक्षिका आहे मी, नाटक कंपनी नव्हे.

अनंत सर : आमचो निहार आसा ना! कारकुनाचो झील. तो एकदाय खिडकीतसून गेलो नाय. प्रॅक्टिकलच्या वेळार तो ग्राउंडार क्रिकेट खेळता. तेका काय एक येयना.

अविनाश : काहीच नाही?

अनंत सर : देवाशपथ. अगदी नवोकोरो आसा.

अविनाश : मग तोच.

योगिता : छान! सबंध वर्गात जो काही शिकला नाही, तो फाउंडेशनचा विद्यार्थी.

(उद्घाटनाच्या दिवशी, संध्याकाळी. तीच खोली. दाराची फीत कापलेली. पाहुणे गेले आहेत.)

अनंत सर : माझो जीव घशाक इलेलो! पण गाऱ्हाणां कसां झालां? देवा महाराजा, आज हय जी विज्ञानाची खोली उघडली हा, तिका कोणाची दृष्ट लागू नये, होय महाराजा! बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी इलां.

योगिता : स्पिरिटमुळे आलं असेल. आपल्याकडून सांडलं तेवढं.

अविनाश : गाऱ्हाण्यापर्यंत सगळं ठीक होतं. तुमच्या निहारनं घोटाळा केला.

योगिता : त्याचा काय दोष? नवाकोरा होता ना? डोळा लावला आणि ओरडला, कायच दिसना! खरं तेच बोलला बिचारा.

अविनाश : आणि सोनाली? तिला मागच्या रांगेत बसवायला सांगितलं होतं मी.

योगिता : मागेच होती. उठून कधी आली, मलाही कळलं नाही. निहारला बाजूला सारलं, आरसा उजेडाकडे फिरवला, बटण दोनदा फिरवून म्हणाली, आता बघ. दुसऱ्यानं चुकीचं केलेलं बघवत नाही तिला.

अनंत सर : मी डोळेच मिटून घेतले. म्हटलां, गेलां सामान पणजेक.

योगिता : मी तर मनात शब्द जुळवून ठेवले होते. सगळं माझं काम आहे, मला काय ते बोला, पोरांचं सामान नेऊ नका. पाया पडायचीही तयारी होती माझी, साहेब. खरंच सांगते.

अविनाश : आणि बाईसाहेब म्हणाल्या काय, तर बघा! हात लावला आणि शिकली! आजवर कुणी काही दिलं नव्हतं या मुलांना.

योगिता : सोनालीला पेढा दिला. वर म्हणाल्या, बाळ, ही सगळी फाउंडेशनची पुण्याई.

अनंत सर : सोनाली काय बोलली?

योगिता : पेढा खाल्ला. शहाणी आहे पोरगी.

अविनाश : माझ्या रिपोर्टात आता हेच जाणार. दिवा लागल्यापासून पाचव्या मिनिटाला परिणाम. बाईसाहेब इतक्या खूश आहेत की पुढच्या वर्षी आणखी दहा शाळांत हाच प्रकल्प.

योगिता : बरं झालं. तेवढी किल्ली द्या, साहेब. उद्या पहिल्याच तासाला आठवीला आणते. दारातून.

अविनाश : किल्ली मला परत न्यायचीय.

अनंत सर : आता कित्याक?

अविनाश : बाईसाहेबांचे धाकटे चिरंजीव शिगम्याला दुबईहून येणार आहेत. भिंतीवरच्या पितळी पाटीचं अनावरण त्यांच्या हस्ते. सामान तोवर नवं राहिलं पाहिजे. फोटो काढायचेत.

योगिता : शिगमा मार्चमध्ये. परीक्षा फेब्रुवारीत.

अविनाश : मी बोललो. म्हणाल्या, त्या मुलीला पाच मिनिटांत आलं, बाकीच्यांनाही येईल की. घाई कसली?

योगिता : म्हणजे तिला आलं म्हणून बाकीच्यांचं अडलं.

अनंत सर : बाई, राग करू नका. आपली ती खिडकी आसाच.

अविनाश : खिडकीही बघितली त्यांनी. गज नाहीत, चोर शिरतील म्हणाल्या. ताबडतोब बसवून घ्यायला सांगितलंय. मला.

योगिता : मग झालंच. आता पोरांना काय सांगू मी? पदार्थ निळा आहे, लिहा?

अविनाश : कंत्राटदाराला मी आजच कळवणार आहे. पण तो पडला आमचा माणूस. सावकाश मापं घेईल, चुकीचे गज आणेल, परत नेईल. शिगम्याच्या आत काही त्याच्यानं व्हायचं नाही. मी तसं बजावूनच सांगणार आहे त्याला.

योगिता : साहेब...

अविनाश : निघतो मी. पुलावर गर्दी होईल. ही मोरचुदाची जादा बाटली गाडीत राहिली होती, ठेवून घ्या. आणि मॅडम...

योगिता : काय?

अविनाश : त्या खिडकीच्या बिजागरीला थोडं खोबरेल घाला. फार करकरते.