बी पडेपर्यंत

गुरांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई आजारी मांजर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर बहीण-भावाचं जुंपलं होतं. भावाच्या मांडीवर पाय मोडलेली शेळी होती.

“ताई, चारचौघांत नको.”

“का नको? वरच्या उतारावरची कडू मुळी तुझ्या कळपाने फुलासकट फस्त केली. लोक माझ्याकडे औषधाला येतात. त्यांना काय उगाळून देऊ, लेंड्या?”

“कडू पाला शेळ्या खात नाहीत.”

“दुसरं काही उरलं असतं तर नसता खाल्ला! वाचलं त्यातलंही बरंचसं खुरांनी तुडवलं.”

“तूही उपटतेसच की.”

“बी पडल्यावर उपटते, तेही निम्मी झाडं राखून. तुझ्या शेळ्या राखतात का?”

“मग उपाशी मारू त्यांना? खालचं कुरण पार सुकलंय.”

बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी खुणेनेच मागच्याला पुढे पाठवलं.

“बी पडेपर्यंत माझ्या परसात सोड.”

“अगं, तुझी सगळी भाजी खातील.”

“खाऊ देत मेल्या! भाजी मी पुन्हा पेरीन. त्या मुळीचं बी कुठल्या दुकानात मिळतं, सांग ना!”