सर्वणच्या गोठ्यातली गाडी

(धारगळच्या रघुनाथ मिस्त्रींनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

तर बघा, आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. बापूस पोट भरायला पाळीला आला, खाणीवर ट्रक चालवायला लागला, आणि मी पाळीलाच वाढलो, म्हणजे लाल धुळीतच वाढलो म्हणा ना. तेव्हा आमच्याकडे सगळंच लाल, झाडांची पानं लाल, आवयनं वाळत घातलेले कपडे लाल, पोदेर सकाळी पाव घेऊन यायचा त्याच्या सायकलीची चाकं लाल, नाक शिंकरलं तर तेही लाल. माझं नाक त्या धुळीनं गेलं ते गेलंच, मला वास म्हणून येत नाही. घरात भात करपला तरी बायको ओरडेल तेव्हा मला कळणार. हे नाकाचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं या नाकावरच आलं.

पाना हातात धरला तो ट्रकच्या वर्कशॉपात. वीस वर्षं ट्रकाखाली झोपून काढली. मग खाणी बंद पडल्या, ट्रक रांगेनं उभे राहिले, त्यांच्या चाकांवर वेली चढल्या. ते बघवेना, म्हणून इथं धारगळला हायवेच्या कडेला पत्रे घातले आणि गाड्यांचं गॅरेज सुरू केलं. बायको, सुनंदा, ती म्हणाली, लाल धूळ धुऊन धुऊन हात गेले माझे, आता काळं तेल धुवूया. अशी ती आहे, तोंडाची तिखट, पण सोबतीला पक्की.

इथं आल्यावर एक वेगळंच काम मागे लागलं. लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी मला बघायला न्यायला लागले. मिस्त्री, जरा चला, एक नजर टाका. मी गेल्या गेल्या पहिला बॉनेटवर हात ठेवतो. गरम असली तर समजायचं, विकणाऱ्यानं आधी सुरू करून ठेवली, थंड असताना धूर काढते ते आपल्याला दिसू नये म्हणून. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. गाडी बाहेरून कितीही धुवा, खाणीच्या पट्ट्यात फिरलेली असली तर त्या बेल्टच्या आतल्या टोकाला लाल रेघ सापडते म्हणजे सापडते. किती जणांची तोंडं उतरली त्या रेघेनं! चारी टायर एकाच कंपनीचे आहेत का बघतो, ब्रेकच्या चकतीची कड बोटानं बघतो. आणि मग सांगतो, घ्या किंवा घेऊ नका. माझ्या शब्दावर लोकांनी आयुष्याची कमाई घातलीय हो, आणि आजवर कोणी भांडायला आला नाही. माझ्याकडे दुसरं काय आहे? पत्रे आणि हा शब्द.

पळणाऱ्या गाड्यांचं तर विचारू नका. ती टर्बोवाली, सहा गिअरची, जमिनीला चिकटून जाणारी गाडी जुनी झाली की स्वस्त मिळते, आणि लोकांची तिथंच फसगत होते. मी सगळ्यांना एकच सांगतो, बाबांनो, घेताना देता ती किंमत वेगळी आणि ती गाडी खरंच पळवायला लागतं ते वेगळं. टायर महाग, ब्रेक महाग, तेल भारीतलं. सगळे पैसे घेण्यातच संपले तर गाडी ताडपत्रीखाली बसणार, आणि बसलेली पळणारी गाडी काय कामाची? असं मी लोकांना शिकवायचो, आणि मनातून मला स्वतःला तसलीच एक हवी होती. खोटं कशाला सांगू तुम्हाला. छप्पन्न वर्षांचा झालो, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या, माझ्या दारात एक स्कूटर. सहा लाख बाजूला ठेवलेले, बायको म्हणे पत्रे काढून स्लॅब घाला, मी म्हणे बघू.

तेवढ्यात सर्वणचे दत्तूकाका आले. शेतकरी माणूस, पंच्याहत्तरीचे, त्यांचा झील, म्हणजे मुलगा, बोटीवर. त्या झिलानं हौसेनं एक गाडी घेतलेली, राखाडी रंगाची, दोन दरवाजांची, कंपनीनं मोजक्याच काढलेल्या त्यातली. वर्षातून दोन महिने यायचा, तेवढीच फिरवायचा. आता तो तिकडे परदेशातच राहिला, दोन पोरं झाली, त्या गाडीत मावणार कशी? म्हणून विकायची. काका मला म्हणाले, रगू, झिलान सांगल्यान हा, मिस्त्री सांगात ती किंमत. माका ह्यातला काय एक कळना नाय. म्हशीची किंमत इचार, दात बघून सांगतंय.

गेलो. गुरं विकल्यापासून गोठा रिकामा, त्यात ती गाडी उभी, वर जुनी चादर. चादर ओढली आणि काय सांगू तुम्हाला, लग्नात हिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा बघत राहिलो होतो, तसा बघतच राहिलो. बॉनेट थंड. बेल्ट ओढला, स्वच्छ. टायर चारी एकाचे. बॅटरीची वायर जोडली, चावी फिरवली, इंजिन असं लागलं, असं लागलं, की गोठ्यातली कोंबडीसुद्धा उठली नाही. मग मी गोणपाट घालून खाली शिरलो, आणि खाली सगळं काळं. चिकट, दाट, इकडून तिकडे काळं. हात फिरवला तर कोपरापर्यंत भरला. मी म्हटलं, संपलं, हिचं तेल गळतंय. टर्बोचं सील गेलं, इंजिन खोलायला लागणार. तेलाची पट्टी काढून बघितली तर तेल भरपूर. म्हटलं, विकायच्या आधी भरलं असणार. नाक असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं, पण नाक नाही, आणि दुसरंही एक होतं, ते मागीर सांगतो.

बाहेर येऊन काकांना म्हटलं, काका, हिचा तेल गळता. इंजिन खोलूचा लागतला. बरी असती तर बारा लाख खंय जायत नव्हते, पण आता सहाच्या वर कोण घेवचो नाय. आणि मग हळूच म्हटलं, घेवचा तर मीच घेतंय. काकांचा चेहरा एकदम पडला. पण म्हणाले, तू म्हणतंस तर तसाच आसतला. आत गेले, नारळ आणला, गाडीपुढे ठेवला, देवाला काहीतरी पुटपुटले आणि तो नारळ माझ्या हातात दिला. झाला सौदा. आमच्याकडे नारळ हातात पडला की शब्द पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर हात सुजलेला. बोटांपासून कोपरापर्यंत फोड, पाण्यानं भरलेले, आणि अशी आग की पेजेची वाटी धरवेना. सुनंदानं हात धरून उजेडाला, जनेलापाशी नेला. हात खंय घातलात तुमी, म्हणाली. म्हटलं, कुठं नाही, त्या गाडीचं तेल. ती म्हणाली, तीस वर्सां तेलात हात घालतात, कधी फोड इलो? ह्यो काजूचो चीक आसा. तिचं माहेर तिळारीकडे, लहानपणी सगळं घर अंगणात काजूच्या बिया भाजून फोडायचं, तिच्या बोटांची सालं निघायची. तिनं माझा आदल्या दिवशीचा शर्ट उचलला, नाकाला लावला आणि म्हणाली, ह्याच वासात माझा लहानपण गेला. टरफलांचा तेल आसा ह्या.

काजूच्या टरफलांचं तेल. आमच्याकडे दाराच्या चौकटींना लावतात, नांगराला लावतात, वाळवी लागू नये, पाणी शिरू नये म्हणून. म्हाताऱ्यानं ते गाडीला खालून लावलेलं. म्हणजे तेल गळत नव्हतं. म्हणजे गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

सुनंदा कोकमाचं भिरंडेल घेऊन आली, हाताला लावायला लागली. लावता लावता विचारते, गाडी खरी कितक्याची? म्हटलं, बाराची. ती म्हणाली, आणि तुमी सहाची केल्यात. म्हटलं, तेव्हा मला तसंच वाटलं ग, शपथ. ती म्हणाली, तेवा वाटला ता वाटला. आता? आणि भिरंडेल लावत राहिली.

आता ते दुसरं सांगतो. तेलाची पट्टी भरलेली होती, इंजिन धूर काढत नव्हतं, हे मला दिसत होतं की. दुसऱ्या कोणासाठी बघायला गेलो असतो तर बोटाचं तेल चोळून बघितलं असतं, कापसानं पुसून बघितलं असतं, घाई केली नसती. पण मला ती गाडी हवी होती, आणि खोट सापडली तरच ती माझ्या सहा लाखांत बसत होती. मग सापडली. मी लबाडी केली नाही हो, पण मला खोट सापडली तेव्हा मी खूश झालो होतो. त्याची मला लाज वाटली, अजून वाटते.

स्कूटर चालवण्यासारखा हात नव्हता. दोन बस बदलून सर्वणला गेलो, सुनंदा बरोबर. काका सोप्यावर बसलेले. माझा हात बघितला आणि कपाळाला हात लावला. अरे रगू, तुका सांगूक होया होता मी. माका वाटला, तू मिस्त्री, तुका कळतला. दर मे म्हयन्यात लावतंय मी. झील म्हणालो, बाबा, गाडी सांभाळ. मगे माका जसा सांभाळूक येता तसा सांभाळलंय.

मी म्हटलं, काका, माझी चूक झाली. गाडी एकदम बरी आसा, हिचा कायच गळना नाय. तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, खरा सांगतंस? काल तू गेलंस तसो माका घास गेलो नाय. पोरान इश्वासान ठेवली आणि माझ्या हातान बिघडली म्हणान. पैशाचा काय नाय रे. तुम्हाला सांगतो, हे ऐकलं आणि मला कळलं की मी नुसती त्यांच्या झिलाच्या गाडीची किंमत निम्मी केली नव्हती, त्यांनी ती जिवापाड सांभाळली त्याचीही केली होती. नारळ पिशवीतून आणला होता तो मी परत गाडीपुढे ठेवला. म्हटलं, बारा लाख. त्याच्या खाली कोणाला देऊ नका, मलासुद्धा.

झिलाचा फोन लावला. तो तिकडून म्हणाला, मिस्त्री, तुमी दहाक घेवा, तुमी खरा बोललात. भला पोरगा. काका सुनंदाकडे बघतात, सुनंदा माझ्याकडे बघते. दहा कुठून तरी उभे केले असते मी. पण मग टायर कुठून, तेल कुठून? दर मे महिन्यात मी तिच्यावरची चादर काढून बघत बसलो असतो. लोकांना शिकवतो ते एकदा स्वतः ऐकलं. म्हटलं, नको.

म्हापशाला एक डॉक्टरीण आहे, तिची जुनी गाडी माझ्याकडेच येते. तिला पळणाऱ्या गाड्यांची भारी हौस. तिला बोलावलं, सगळं सांगितलं, फोडांसकट. तिनं गाडीपेक्षा आधी माझा हात तपासला, औषध लिहून दिलं, आणि मग विचारलं, मिस्त्री, या किमतीला तुम्ही घेतली असती? म्हटलं, बाई, पैसे असते तर एका पायावर. तिनं एक पैसा कमी केला नाही. फक्त म्हणाली, आधी तुमच्याकडे नेऊन सगळं तपासा, मग मी न्यायला येते.

म्हणजे ती गाडी सर्वणहून धारगळला कोणी आणायची? मीच. हात बरा झाल्यावर गेलो. सुनंदा शेजारी बसली, वरचा दांडा घट्ट धरून. डिचोली गेली, अस्नोडा गेला, सारखं तिचं सावकाश हो, सावकाश हो, दुसऱ्याची आसा. कोलवाळचा पूल ओलांडला, पुढे धारगळचा सरळ रस्ता, मोकळा, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. तिनं दांडा सोडला, पदर खोचला आणि म्हणाली, आता मारा. मी मारली. दोघंही हसत होतो, कशाला ते माहीत नाही. दोन मिनिटं असेल, जास्त नाही.

आता दर मे महिन्यात डॉक्टरीण गाडी माझ्याकडे आणते. खालून टरफलांचं तेल लावायचं असतं, हातमोजे घालून, सुनंदा स्वतः मोजे काढून देते. दत्तूकाका तेल पाठवतात. इतकी वर्षं झाली, खालचं लोखंड नव्यासारखं. स्लॅब झाली आमची, वर बघा. हा हातावरचा पांढरा डाग तेवढा राहिला. कोणाची गाडी बघायला गेलो की आधी या डागाकडे बघतो आणि स्वतःला विचारतो, रगू, ही तुला हवी आहे काय? हवी असली तर सांगून टाकतो, दुसरा मिस्त्री आणा.

सुखी आहे हो मी, देवाच्या दयेनं. तुमचीही चाकं सुखरूप फिरोत. अजून बोलत बसलो असतो, पण तेल कालच लावून झालंय, आणि तेल लावल्यावर एक फेरी मारून बघायची असते, डॉक्टरीणच सांगून गेलीय. आणि ती बघा, आमची सुनंदा कधीची अबोली माळून दारात उभी आहे.