अण्णांचा ताप आणि आल्यागेल्यांचे पाय

...नाही, पण माझ्याच हातांवर का? वॉर्डात माणसं काय कमी होती? सिस्टर होत्या, वॉर्डबॉय होता, फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या, पलीकडच्या कॉटवरच्या आजोबांचा तो मुलगा होता, जो ज्या हाताने वडिलांचं भांडं उचलायचा त्याच हाताने वडापाव... जाऊ दे. आणि तपासणीच्या बशीत सगळ्यात मोठी बाग फुलली कुणाची? माझी! सासरी येऊन अजून वर्ष झालेलं नाही, स्वयंपाकघरातला कुठला डबा कशाचा ते मला धड कळत नाही, आणि अख्ख्या हॉस्पिटलात नाव झालं, की जंतू कुणाकडे, तर अण्णांच्या सुनेकडे. आता यावर मी काय बोलणार? मी नवीन.

पहिल्यापासून सांगते, मग तुम्हीच ठरवा. अण्णा म्हणजे माझे सासरे. पंचवटीत आमची पिठाची गिरणी. अण्णांनी जन्मभर गिरणीच्या आत पीठ ओढलं आणि गिरणीच्या बाहेर उभं राहून बिडी ओढली, तेव्हा फुप्फुसांनी तरी करायचं काय? डॉक्टरांनी त्याला सीओपीडी म्हटलं, घरच्यांनी त्याला 'अण्णांना जरा धाप लागते' म्हटलं, आणि थंडी पडल्यावर एके सकाळी अण्णांना जिना चढून वर येताच येईना, तेव्हा ॲडमिट केलं. ऑक्सिजनचा मास्क लागला, औषधं सुरू झाली, अण्णा सुधारायलाही लागले. आता दोन-चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते.

तेवढ्यात आल्या डॉक्टर सृष्टी. माझ्याच वयाच्या, केस क्लचरमध्ये कोंबलेले, ॲप्रनच्या खिशात काड्याच काड्या, टोकाला कापूस लावलेल्या. त्यांचं संशोधन चाललेलं. विषय काय, तर फुप्फुसाचा पेशंट एक आजार घेऊन हॉस्पिटलात येतो आणि बरा होता होता दुसरा इथूनच उचलतो, तो नक्की उचलतो कुठून? त्यासाठी त्या काडी फिरवायच्या... पेशंटच्या हातांवर, कॉटच्या दांडीवर, मोबाइलवर, आमच्या सगळ्यांच्या तळव्यांवर. मग ती काडी जेली भरलेल्या बशीत ओढायची, बशी उबेत ठेवायची आणि काय उगवतंय ते बघायचं. मोहरी पेरल्यासारखं.

तर आमच्या तानुआत्या, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण, सायखेड्याहून मुक्कामालाच आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझा भाऊ काय उंदीर हाय का प्रयोग करायला?" डॉक्टर बिचाऱ्या समजावत राहिल्या, की कुठलं नवं औषध नाही, सुई नाही, आणि नको असेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. आत्या ढिम्म. मग माझ्या नवऱ्याने, ललितने, एकच प्रश्न विचारला. म्हणजे हॉस्पिटल किती घाण आहे ते पण कळेल का? डॉक्टर म्हणाल्या, हो, तेही कळेल. झालं! लग्नाच्या याद्यांनाही आमच्या घरात एवढं एकमत झालं नव्हतं. अण्णांनी मास्कच्या आतूनच मान हलवली आणि सही केली. कारण आमच्या घराण्याचं मत पक्कं होतं, की जंतू हे हॉस्पिटलचे असतात. आपल्याकडे असतो तो मायेचा हात.

आता मायेचा हात म्हणजे काय ते ऐका. आमच्याकडे माणूस ॲडमिट झाला की त्याला भेटायला जावंच लागतं. नाही गेलं, तर ते त्याच्या तेराव्यापर्यंत लक्षात ठेवतात. सायखेड्याहून आले, येवल्याहून आले, लग्नात ज्यांना जेवणाच्या गर्दीत नवरी नीट दिसली नव्हती ते खास आले. कारण मास्क लावलेला माणूस किती वेळ बघणार? दोन मिनिटं 'कसं काय अण्णा' म्हणून झालं, अण्णांनी बोट वर केलं, संपलं. मग सगळे वळायचे माझ्याकडे. ही का ललितची? नांदगावची ना? बारीक आहे. आणि सासूबाई कॉटच्या पलीकडून हळूच म्हणायच्या, "पाया पड गं."

मी पडायचे. मी नवीन.

आता इथे लक्ष द्या. वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी होती, 'चपला-बूट बाहेर काढावेत'. स्वच्छतेसाठी! मोठे डॉक्टर सकाळी मागे विद्यार्थ्यांची शेपटी घेऊन यायचे ते बुटांसकट, कारण पाटी त्यांच्यासाठी नव्हती. आमची माणसं मात्र आज्ञाधारक. चपला काढल्या, की मग अनवाणीच आत, अनवाणीच बाहेर, अनवाणीच पॅसेजच्या टोकाला बाथरूमला आणि तिथून ओल्या पायांनी परत. शिवाय मावशींचं फडकं एकच. ते बाथरूमपासून सुरू व्हायचं आणि अण्णांच्या कॉटखाली संपायचं. त्या फरशीवरून आलेल्या पायांना मी दोन्ही हात लावायचे, हात कपाळाला लावायचे, सरळ उभी राहायचे, तोवर अण्णांचा मास्क सरकलेला असायचा. तो नीट कोण करणार? मीच. मोसंबी कोण सोलणार? मीच.

तुम्ही म्हणाल, कॉटला सॅनिटायझरची बाटली टांगलेली होती ना? होती की! पण तुम्हीच सांगा, आत्यांच्या पायाला हात लावायचा आणि आत्यांच्या डोळ्यांदेखत बाटली दाबून ते हात चोळायचे? अहो, मला त्या घरात आयुष्य काढायचंय! एकदा माझा हात बाटलीकडे नुसता गेला, तर येवल्याच्या चुलतसासूबाईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी ती बाटली नुसती सरळ करून ठेवली. वाकडी झाली होती, असं दाखवत.

आणि मग अण्णांना ताप भरला.

साधा नाही. ओठ काळे-निळे पडले, शब्द सोडाच, श्वासच पुरेना. डॉक्टर सृष्टींनी ललितला बाजूला घेऊन सांगितलं, की छातीत दुसरा संसर्ग झालाय, ऑक्सिजन असाच खाली जात राहिला तर व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, आणि अशा फुप्फुसांचा माणूस त्यावरून लवकर उतरत नाही. ललित परत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. सासूबाई अण्णांचे तळपाय चोळत बसल्या. आणि आमचे किशोर भाऊजी, ललितचे चुलतभाऊ, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून काउंटरवर गेले, की माणूस चालत आला होता, तुम्ही लोकांनी आजारी पाडला, आता पेपरात देतो. चालत नव्हते आले, भाऊजींनीच खुर्चीतून उचलून आणलं होतं. पण मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सृष्टी बशांचे फोटो घेऊन आल्या. सगळे पुढे सरसावले, आता हॉस्पिटल सापडणार! सिस्टरच्या हातांची बशी... जवळजवळ कोरी. कॉटची दांडी, थोडं काही. मावशींचं फडकं, विचारू नका. मोठ्या डॉक्टरांची बशी नव्हतीच. त्यांनी हात द्यायला नकार दिला होता, म्हणे मी डॉक्टर आहे. आणि मग एक बशी, पिवळी-हिरवी, काठोकाठ, शेवाळलेल्या हौदासारखी. अण्णांच्या बेडक्यात जो जंतू निघाला, तोच इथेही होता. डॉक्टर म्हणाल्या, ताप यामुळेच आला असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा नाही. मग चाचरत माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसभर हातांनी नक्की करता काय?"

सगळं घराणं माझ्याकडे बघायला लागलं. भाऊजींचा मोबाइल चालूच होता. आत्या म्हणाल्या, नांदगावकडं पाण्याची टंचाई हाय, तिथल्या पोरींना हात धुवायची सवय नाय. माझ्या माहेरचं पाणीसुद्धा काढलं! मी तरी सांगणार काय, की जंतू तुमच्या पायांचे आहेत?

पण नशीब बघा, त्याच वेळी दारात चपला काढून भागीबाई मावशी आत आल्या, सासूबाईंच्या बहीण. सासूबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पाया पड गं." मी वाकले. पायांना हात लावले, कपाळाला लावले, उभी राहिले, आणि अण्णांचा मास्क सरकला होता म्हणून हात पुढे...

"थांबा," डॉक्टर सृष्टी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी भागीबाई मावशींचे पाय पाहिले, फरशी पाहिली, दारातली पाटी पाहिली, आणि खुर्ची ओढून मटकन बसल्या.

त्यांनी सांगितलं, इथे पाया पडणं बंद. घरच्यांनी तिथल्या तिथे सभा भरवली. पाया पडणं बंद कसं करायचं? आलेला माणूस काय म्हणेल? शेवटी तोडगा निघाला. पाया पडू दे, पण हिने अण्णांना हात लावायचा नाही! मग मास्क कोण लावणार, पाणी कोण पाजणार, यावर मात्र प्रत्येकाला काहीतरी काम आठवायला लागलं.

तेव्हा अण्णांनी स्वतःच मास्क खाली ओढला. एकेका शब्दाला श्वास जमवत होते. आम्हाला वाटलं, काही शेवटचं सांगतायत. सासूबाईंनी तर तोंडात पदर घातला.

"तिला... राहू द्या," अण्णा म्हणाले. "तुम्ही... पाय... धुवून या."

अण्णांनी मास्क लावायला माझ्याकडे पाहिलं, मी आधी बाटली दाबली, सगळ्यांच्या देखत, हात चांगले चोळले आणि मग लावला. बेडक्याच्या तपासणीतून औषध कुठलं लागू पडेल ते कळलं होतं, ते चालू झालं, ताप उतरायला लागला. व्हेंटिलेटर टळला.

आणि पाय धुण्याचं? ते तंतोतंत पाळलं. वॉर्डाच्या दाराशी टब आला, जंतुनाशक साबण आला, टॉवेल आला. आता टबापाशी बसणार कोण? आत्या म्हणाल्या, पाव्हण्याचे पाय धुणं हे सुनेचंच काम, तसं ते शोभतं बी. मी बसले. मी नवीन. कोमट पाण्यात एकेकाचे पाय धुवायचे, टाचा घासायच्या, पुसायचे. आणि ही बातमी सायखेड्यापर्यंत गेली, की ललितच्या बायकोचे संस्कार काय सांगावे, दारातच पाय धुते! भेटायला येणारे वाढले हो! अण्णांचं नाव पुढे करून लोक टाचा घेऊन यायला लागले.

डॉक्टर सृष्टींनी जाताजाता पुन्हा काडी फिरवली. दिवसभर साबणाच्या पाण्यात असलेले हात ते! बशी लख्ख. म्हणाल्या, तुमच्याएवढे स्वच्छ हात वॉर्डात कुणाचेच नाहीत. सासरी मिळालेलं हे माझं पहिलं कौतुक. कातडी सोलवटली होती, पण कौतुक ते कौतुक.

आता अण्णा घरी आहेत, छान आहेत, गिरणी त्यांना लांबूनच बघू देतो. काल तानुआत्या आल्या, भाऊ बरा झाला म्हणून भेटायला. चपला काढल्या, ओट्यावर टेकल्या, आणि दोन्ही पाय पुढे केले.

मी टब आणायला गेले.