गुडघ्याची थरथर

रोबोटांच्या स्पर्धेत भाचीचा नंबर कधी लागतो म्हणून शिंपीणबाई बाकावर ताटकळत बसल्या होत्या. शेजारी म्हातारा घड्याळजी आणि त्याची बायको. दोघांच्या मध्ये हातभर उंचीचा रोबोट उभा होता.

“अहो, याचा गुडघा मागे वळतोय!”

“वळू दे. चालेल तसाच.”

“चालेल कसला, तोंडावर आपटेल! पाय बसवण्याआधी मोटर फिरवून मधल्या खुणेवर आणली होतीत ना?”

“घाईत राहिलं असेल.”

“राहिलं? जन्मभर घड्याळं जुळवलीत तुम्ही!”

“आता ओरडू नकोस. एकच नंबर राहिलाय आपल्या आधी.”

“पाय काढलाय मी. ही बघा, मोटर आली मधल्या खुणेवर. आता तुम्ही पाय सरळ धरा, मी स्क्रू आवळते.”

“तूच धर ना.”

“मला काय चार हात आहेत? धरा. अहो, हलवू नका!”

“नाही हलवत.”

“मग मोटरच थरथरतेय मेली. बॅटरी काढा आधी.”

“काढली.”

“अजून थरथरतोय की पाय!”

“काढलीय गं. मघाशीच.”

“म्हणजे तुमचा हात... कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि मला आज सांगताय?”

“सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का?”

तेवढ्यात त्या नवरा-बायकोचा नंबर पुकारला. शिंपीणबाई सरकून जवळ आल्या आणि त्यांनी तो पाय दोन बोटांत घट्ट धरला.

“आवळा,” त्या म्हणाल्या.

बायकोने एका हाताने स्क्रू आवळला. दुसऱ्या हातात तिने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता.